त्या दिवशी पाव कुणी कापला?

बीड, ९ जानेवारी २०२५

जीवन,

फोन बंद ठेवला म्हणजे सर गप्प बसतील असं तुला वाटत असेल, तर दहावीपर्यंत माझ्या वर्गात बसून तू काहीच शिकला नाहीस. फोन बंद करता येतो, पोस्टमन करता येत नाही. तो हे पाकीट तुझ्या हातात देईल, तू ते टेम्पोच्या काचेपुढं फेकशील, दोन दिवस त्याच्याकडं रागानं बघशील आणि मग मेंढरं उतरवून झाल्यावर एखाद्या धाब्यावर चहा पिता पिता फोडशील. मी तुला चांगला ओळखतो. तू माझा विद्यार्थी आधी आणि जावई मागाहून झालास.

आता त्या फोनचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. तुझ्या आईचा, रतनबाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात होतो आणि उज्ज्वला पोरीला पाजत होती. फोन उचलला आमच्या गीताक्कानं. माझ्या या थोरल्या बहिणीला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं ती हवं तेवढंच ऐकते. रतनबाईंनी विचारलं, नात काय करती. अक्का मोठ्या अभिमानानं म्हणाली, "फादर आलते. मांडीवर घेतली, नाव ठिवलं, गेले."

आता फादर म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक. पण फादर म्हणजे बाप, हे तुझ्या आईला शेजारच्या शाळकरी पोरांमुळं ठाऊक. त्या म्हणाल्या, "पोरीचा बाप तर हितं माझ्यासमोर जेवतोय." त्यावर आमच्या अक्कानं काय उत्तर द्यावं? "तिचा एकटीचा न्हाई वो बाई, आमच्या समद्यांचा फादर."

एरवी आपण दोघं यावर पोट धरून हसलो असतो. पण मी आत येऊन अक्काकडून फोन घेतला तोवर तिकडं तो तू घेतला होतास, आणि मला एवढंच म्हणालास, "सर, माझ्या पोरीचं नाव मला फोनवर कळतंय व्हय?" आणि फोन ठेवलास.

तर खरं काय ते ऐक. फादर इग्नास बाळंतिणीसाठी प्रार्थना करायला आले होते, कुठल्याही घरी येतात तसे. पाणी नाही, तेल नाही, कसलाही संस्कार नाही. लग्नाआधी तू फादरांसमोर कबूल केलं होतंस की मुलांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आमच्या चर्चमध्ये होईल. उज्ज्वलानं तसं वचनही दिलंय. पण तो तुझ्यामागं उरकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. फादर फक्त म्हणाले, तोवर हिला आग्नेस म्हणू. त्यांच्या तोंडून सहज निघालं.

पोरगी छान आहे. नाक तुमच्या घराण्याचं आहे, त्याला इलाज नाही. दवाखान्यात तू तिला पहिल्यांदा घेतलंस तेव्हा तिची मान कशी धरायची हे मीच तुला दाखवलं. आठवतं ना? तू घाबरला होतास. पहिल्यांदा सगळेच घाबरतात.

एक गोष्ट सांगून संपवतो. माझी ती जाड कादंबरी तुला आठवते? मुखपृष्ठ गेलेली, लेखकाचं नाव उंदरांनी खाल्लेली? त्यातला तो डोंगरातला गिरणीवाला, सात पोरांचा बाप. सणाच्या दिवशी मोठा गोल पाव टेबलावर यायचा आणि तो स्वतः कापून एकेकाच्या ताटात ठेवायचा, शेवटचा कडक तुकडा स्वतःला. घराचा पुढारी म्हणजे काय, हे मी त्या पुस्तकातून शिकलो. बाप आरडाओरडा करून मोठा होत नाही. तो हजर असतो आणि वाढतो. म्हणून सांगतो, राग खुंटीला टांगून ठेव आणि ये.

तुझा,
सर

ता. क. उज्ज्वला रोज विचारते, पत्र टाकलं का. हे मी तुला सांगितलं असं तिला सांगू नकोस.


बीड, २६ जानेवारी २०२५

जीवन,

तुझं उत्तर आलं नाही, पण घोंगडी आली. स्टँडवर कुणी तुझा मित्र रिक्षावाल्याकडं पुडकं देऊन गेला, सोबत ना चिठ्ठी ना निरोप. मी उघडलं तर आत मऊ लोकरीची लहानशी घोंगडी. घरच्या कोकरांच्या पहिल्या लोकरीची असणार, हाताला कळतंच. उज्ज्वलानं ती तोंडावर धरली आणि बराच वेळ काढली नाही. मेंढरांचा वास येतोय म्हणून तुझ्या सासूबाई, मंगलमामी, तिला हसल्या.

मी म्हटलं, लोकर बाळाला टोचेल, कपाटात ठेवू. ठेवलीही. संध्याकाळी बघतो तर ती पुन्हा पाळण्यात होती. टोचत नाही असं दिसतं.

इथलं सगळं मी नीट लावून दिलंय, तू काळजी करू नकोस. सकाळी पाणी मी तापवतो. लंगोट वाळत मी घालतो, कारण मामींची कंबर धरते. पोरगी रडली की माझ्या खांद्यावर येऊन गप्प होते, दुसऱ्या कुणाकडं होत नाही. मी तिला कविता म्हणून दाखवतो. व्याकरणाचे नियम सांगितले तर झोपते, तुझ्या वर्गातही अर्धी पोरं झोपायचीच. आणि संध्याकाळी दिवे लागले की मी तिच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढतो. आमच्या घरांत हे काम बापाचं. माझ्या बापानं माझ्या कपाळावर काढला, मी उज्ज्वलाच्या काढला. तू नाहीस, तोवर मी करतोय.

आता मुद्द्याचं. नातेवाईक माझ्यामागं लागलेत. जालन्याचे, अंबडचे, सगळ्यांना एकच घाई, स्नानसंस्कार कधी. माझे चुलतभाऊ तर म्हणाले की तो पोरगा येईल तेव्हा येईल, तुम्ही घरातले मोठे आहात, उरकून टाका. मी त्यांना साफ सांगितलं की बाप आल्याशिवाय पाण्याचा थेंब पडणार नाही. फादरांचंही तेच म्हणणं आहे. संस्कारात ते आईबापांना विचारतात, या बाळाचं नाव काय ठेवता, आणि उत्तर आईबापांनी द्यायचं असतं. आजोबांनी नव्हे.

तरी सोयीसाठी मी तारीख बघून ठेवली आहे, १९ मार्च. संत योसेफाचा सण. येशूला वाढवणारा बाप. सगळ्या शास्त्रात त्याच्या तोंडी एक शब्दही नाही, तुला ठाऊक आहे? सुतारकाम केलं, बायकापोराला सांभाळलं, संकट आलं तेव्हा त्यांना घेऊन परक्या मुलखात गेला, आणि हे सगळं न बोलता. तुझ्यासारखाच अबोल. म्हणून मला ती तारीख तुझ्यासाठी योग्य वाटली. धर्मपिता, म्हणजे संस्कारात बाळाची जबाबदारी घेणारा, म्हणून अंबडच्या भाच्याला सांगितलंय. पाव बेकरीत सांगून ठेवलाय, कारण आपल्या घरी सणाला पाव कापतातच. जेवणाचं मामी बघतील. तुला फक्त यायचं आहे.

तुझा,
सर


बीड, १६ फेब्रुवारी २०२५

जीवन,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आधीची दोन कशी सरसर उतरली होती.

काल उज्ज्वला माझ्यावर ओरडली. तुझी बायको ओरडत नाही, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी गुडघा फुटला तरी ती ओठ चावून घरी यायची. काल दुपारी पोरगी रडली आणि मी सवयीनं उठलो. उज्ज्वला पाळण्यापाशीच बसली होती. मी तिच्या हाताखालून पोरीला उचललं आणि खांद्यावर टाकलं. तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, ती रडायच्या आधी तुम्ही उठता. तारीख तुम्ही ठरवली, धर्मपिता तुम्ही ठरवला, पावसुद्धा सांगून आलात. तिच्या बापानं येऊन बसायचं कुठं?"

मी म्हटलं, त्यानं यावं म्हणूनच तर करतोय. ती म्हणाली, "तो आला, तर तुम्ही त्याला मान कशी धरायची ते शिकवाल."

मंगल स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली नाही आणि माझ्या बाजूनं काही बोललीही नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात या गप्प राहण्याचा अर्थ मला कळतो. मी पोरीला उज्ज्वलाच्या मांडीवर ठेवलं आणि चपला घालून बिंदुसरेपर्यंत चालत गेलो. नदीत पाणी नव्हतं. पुलावर उभा राहून दवाखान्यातला तो दिवस आठवत बसलो.

तू गाडी थेट बाजारातून घेऊन आला होतास, शर्टाला लोकर चिकटलेली. नळावर दोनदा हात धुतलेस. नर्सनं पोरगी तुझ्या हातात दिली आणि तू असा उभा राहिलास, जणू कुणी तुला पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर दिलीय. मी पुढं झालो, म्हणालो, असं नाही, मान धर, आण इकडं. आणि घेतली. तू तुझे हात तसेच पुढं धरून थोडा वेळ उभा होतास. मला ते तेव्हाही दिसलं होतं. जन्मल्या कोकराला वाऱ्यापावसात उचलून आणणारा माणूस तू, आणि मी तुला मान धरायला शिकवत होतो.

नावाचंही सांगतो. फादरांच्या तोंडून सहज निघालं, असं मी लिहिलं ते खोटं होतं. फादरांनी विचारलं, हिला काय म्हणायचं? तेव्हा मीच म्हणालो, आग्नेस. त्या संत मुलीच्या चित्रात तिच्या हातात कोकरू असतं. मेंढरं राखणाऱ्या घरात हे नाव किती शोभेल, जीवनला किती आवडेल, असा माझा विचार होता. पण तुला आवडेल ते मी तुला न विचारताच ठरवलं. अक्काचं ऐकणं चुकलं म्हणून आपण तिच्यावर हसतो. तिनं चूक एवढीच केली की फादर म्हणाली. खरं तर तिनं सर म्हणायला हवं होतं.

आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला जड जातंय. तू येत नव्हतास तेव्हा मी तुझ्यावर रागवायचो, पत्रं लिहायचो, आणि संध्याकाळी दिवे लागले की मनात कुठंतरी बरं वाटायचं. आजही नाही आला. आजही कपाळ माझंच. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडं कुणी काही विचारायला येत नव्हतं रे. या पोरीनं मला पुन्हा कामावर घेतलं, आणि ती जागा तुझी आहे हे मी मुद्दाम विसरत गेलो.

घरी येऊन ती कादंबरी काढली. एक प्रकरण आहे, तुला आठवेल. थोरल्या मुलाचं लग्न झालंय, त्याला पोर झालंय, आणि सणाच्या दिवशी म्हातारा त्याच्यासाठी, त्याच्या बायकोसाठी, त्याच्या लेकरासाठी पाव कापून ताटात ठेवतो. मुलगा ताट सरकवतो आणि उठून जातो. वर्गात हे वाचताना मी दर वर्षी सांगायचो की पाहा, बापाच्या मायेचा अपमान. काल ते पुन्हा वाचलं. म्हातारा त्या मुलाला एकदाही सुरी देत नाही. माझ्या डोळ्यांखालून ते पान किती वेळा गेलं असेल.

शेवटची पानं त्या पुस्तकात नाहीतच. मुलगा परत येतो, दारात उभा राहतो, आणि पुढं बांधणीचा दोरा लोंबतोय. वर्गाला शेवट मी माझ्या मनानं सांगायचो. बापानं मिठी मारली, सगळे जेवायला बसले, संपलं. तुझ्या वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून तू उभा राहिलास आणि विचारलंस, "सर, मंग त्या दिवशी पाव कुणी कापला?" पोरं हसली. देवकत्याला खायचंच सुचतं म्हणाली. मीही हसलो आणि तुला खाली बसवलं.

उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून बसवलं.

सर


बीड, ५ मार्च २०२५

जीवन,

आज राखेचा बुधवार. सकाळी फादरांनी कपाळाला राख लावली, माती आहेस आणि मातीला मिळशील म्हणाले. अक्का मागं उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, ऐकू आलं, आलं. सगळं चर्च हसू दाबत होतं.

काल तू उज्ज्वलाला फोन केलास. मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. तुझं नाव ऐकलं आणि उठून अंगणात गेलो. शेवग्याची पानं झाडून काढली, वाळलेले लंगोट पुन्हा एकदा वाळत घातले. ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. हसली तेवढं ऐकू आलं, कारण ती हसली की गल्लीला ऐकू येतं. मला फार बरं वाटलं, आणि या खेपेला ते खरं बरं होतं.

धर्मपित्याचं अंबडच्या भाच्याला सांगितलं होतं ते परत घेतलं. तो रुसलाय, रुसू दे. १९ तारीख फादरांच्या वहीत आहे, पण ती खोडता येते. आग्नेस हे नाव मी तोंडातून काढत नाही, घरात सगळे पोरीला पोरगीच म्हणतात. तिला पाळण्यातून कुणी उचलायचं हेही आता उज्ज्वला ठरवते. मला तिनं दिवसातून दोनदा परवानगी दिली आहे. मी नियम पाळतो, अक्का पाळत नाही.

एक गोष्ट मात्र सोडली नाही. संध्याकाळचा क्रूस. उज्ज्वलाला विचारलं, तिनं हो म्हटलं. काढताना मी मनात म्हणतो, हा जीवनच्या वतीनं.

तू हिंदू घरचा आहेस आणि तसाच राहा. तुझ्या वडलांना आणि खंडोबाला सोडून काही कर असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. बाप होण्यासाठी कॅथलिक असावं लागत नाही. कॅथलिक लेकराचा बाप व्हायला मात्र मोठं मन लागतं, आणि ते तू लग्नाआधीच फादरांसमोर दाखवलं होतंस. मी ते विसरलो होतो.

ये, जीवन. पोरगी हसायला लागली आहे. अजून माणूस बघून हसत नाही, पंख्याकडं बघून हसते. तिनं माणसाकडं बघून पहिलं हसावं तेव्हा समोर तू असावास असं मला वाटतं. मनापासून वाटतं.

तुझा,
सर


बीड, २३ मार्च २०२५

जीवन,

तुम्ही जाऊन दोनच दिवस झालेत आणि मी पत्र लिहायला बसलो, म्हणून मंगल हसते आहे. म्हणते, फोन आता चालू आहे ना जावयाचा? आहे. पण फोनवर मला पहिल्यासारखं शिकवताच येतं, दुसरं काही येत नाही. कागदावर थोडं बरं जमायला लागलंय.

१९ तारखेचं चर्चमधलं तुला तुझ्या बाजूनं दिसलं. माझ्या बाजूनं कसं होतं ते सांगतो. आदल्या संध्याकाळी तू टेम्पो घेऊन आलास, मागं रतनबाई आणि तुझे वडील, सिदूभाऊ. सिदूभाऊ मेंढरं माणसावर सोपवून आले होते आणि सारखे विचारत होते, किती वेळ लागंल. मी कुणाला काही सांगितलं नाही. कुठं बसायचं, काय बोलायचं, कधी उठायचं, काहीही नाही. माझे दात दुखले, इतके मी ते घट्ट आवळले होते.

फादरांनी विचारलं, "या बाळाचं नाव काय ठेवता?" सगळ्या बाकांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं या चर्चमध्ये वाचन मी करतो, उत्तरं मी सांगतो, गाणं चुकलं तर मी थांबवतो. त्यांचा काही दोष नाही. तू उज्ज्वलाकडं बघितलंस, तिनं तुझ्याकडं. मला नाव ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघांनी ठरवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी जमिनीकडं बघत राहिलो.

मग तू ताठ उभा राहिलास, हात मांडीला चिकटवून, अगदी हजेरीला उभा राहायचास तसा, आणि खणखणीत आवाजात म्हणालास, "आग्नेस जीवन देवकते."

लोक हसले. फादरही हसले, कारण ते फक्त नाव विचारतात. संपूर्ण नाव कुणी सांगत नाही. बापाचं नाव आणि आडनाव लावून उत्तर देणारा तू पहिलाच, आणि हे आमच्या शाळेच्या पोरालाच सुचावं. मला हसू आलं नाही. मी आयुष्यभर हजेरी घेतली, जीवन. हजारो नावं वाचली, आणि प्रत्येक पोराच्या नावात मध्ये त्याचा बाप बसलेला होता. तो शाळेत येवो न येवो, दारू पिवो, परगावी राहो, मध्ये त्याची जागा ठरलेली. रोज सकाळी मोठ्यानं वाचूनही ती जागा कुणाची, हे मला कळलं नव्हतं. तू ते एका दमात सांगितलंस, आणि त्यात मी सुचवलेलं नावही सांभाळून घेतलंस. मी चष्मा पुसला तो त्यामुळं. अक्का सगळ्यांना सांगत सुटलीय की माझ्या डोळ्यांत मेणबत्तीचा धूर गेला. तिला तसंच सांगू दे.

घरी आल्यावर पाव. सवयीनं मी सुरी उचलली आणि पावावर ठेवली. मग थांबलो. मूठ तुझ्याकडं केली. तू म्हणालास, "सर, मला न्हाई जमत." मी म्हटलं, मला पण पहिल्यांदा जमलं नव्हतं. हे खरं आहे, मंगलला विचार. तू लोकर कातरल्यासारखा तो पाव कापलास, एक फोड जाड तर एक पातळ. सर्वांत मोठी फोड अक्काच्या ताटात गेली. मग तुझ्या आईला, सिदूभाऊंना, मंगलला, उज्ज्वलाला, मला. आणि शेवटचा कडक तुकडा राहिला तो तू कुणाला न विचारता स्वतःच्या ताटात ठेवलास.

म्हणजे दहावीत ते पुस्तक तू ऐकत होतास. मागच्या बाकावर बसून.

सिदूभाऊंनी तो पाव उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "भाकरी असती तर मोडून दिली असती. ह्याला कावून सुरी लागती?" याचं उत्तर पुस्तकातही नव्हतं.

आता शेवटचं सांगतो आणि थांबतो. परवा तुम्ही निघालात. पोरीला त्या घोंगडीत गुंडाळून उज्ज्वला पुढं बसली होती. तू खाली उतरलास, पोरीला तिच्याकडून घेतलंस आणि माझ्यासमोर आणलंस. मान नीट धरली होतीस. ती मी बघितलीच, जुनी खोड आहे. संध्याकाळ झाली नव्हती, पण प्रवासाला निघताना आम्ही काढतो तसा क्रूस काढायला मी अंगठा पुढं केला. आणि तू तिला थोडी मागं घेतलीस.

खरं सांगतो, मला ते लागलं. वाटलं, बरोबर आहे, आता हे काम त्याचं. मी हात खाली घेत होतो.

तेवढ्यात तू वाकलास आणि तुझं कपाळ माझ्या हातासमोर आणलंस. म्हणालास, "मामा, आधी मला. मंग मी तिला देतो."

आपल्या शाळेच्या वसतिगृहात सुट्टीवरून परत येताना इतर पोरांच्या कपाळावर त्यांचे बाप दारातच क्रूस काढून जायचे. सिदूभाऊ तुझ्या कपाळाला भंडारा लावून जायचे. तो पिवळा टिळा घेऊन तू माझ्या वर्गात यायचास. त्याच कपाळावर परवा मी अंगठा ठेवला. रेघ वाकडी आली असेल. मग तू उजव्या हाताचा अंगठा तिच्या कपाळावर ठेवलास आणि उभी रेघ, आडवी रेघ, हळूच ओढलीस. तुझी सरळ आली.

आणि तिनं डोळे उघडले आणि तुझ्याकडं बघून हसली. पंखा नव्हता तिथं, मी वर बघून खात्री केली.

संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा माझा अंगठा अजून आपोआप उठतो. मग मी अक्काच्या कपाळावर काढतो. ती म्हणते, माझा बाप व्हायला निघालाय मेला. तरी कपाळ पुढं करते.

तुझा,
मामा